दफनानंतर आलेली दुरुस्ती

सी तौफीकना मंगळवारी दुपारी मातीआड केलं आणि बुधवारी सकाळी त्यांची दुरुस्ती आली.

मी ऑफिसात कॉफीचा पहिला घोट घेत होते. पत्रांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, जुनं काहीतरी वाटेत अडकलं असेल, ते आज सुटलं. उघडून पाहते तर वेळ आजच्या सकाळची. खाली त्यांच्याच किल्लीची सही, आणि शेजारी सही अस्सल असल्याची हिरवी खूण. काल ज्या माणसाला घरातून खांद्यावर उचलून नेताना मी दारात उभी राहून पाहिलं, त्या माणसाने आज सकाळी सही केली होती. हातातली कॉफी सगळी कळफलकावर सांडली.

मिशमिश ही आमची लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट प्रणाली. स्फाक्स शहरात आम्ही चारजण फावल्या वेळात ती तयार करतो आणि ती शाळांत, गावोगावच्या दवाखान्यांत चालते. दर काही वर्षांनी तिची पक्की आवृत्ती निघते. पक्की म्हणजे एकदा बसवली की पाच वर्षं तिच्यात नवं काही घालायचं नाही, फक्त भोकं, म्हणजे चोराला आत शिरू देणाऱ्या चुका, दुरुस्त्या पाठवून बुजवायची. त्या आवृत्तीत कर्नेल कुठला घ्यायचा हे ठरवणं म्हणजे पोरीचं लग्न ठरवण्याइतकं अवघड काम. कर्नेल म्हणजे सगळ्या यंत्राचा गाभा, आणि आम्ही त्याला गाभाच म्हणतो. नवा घेतला तर नवे लॅपटॉप खूश, पण त्याच्या पोटात काय दडलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. जुना घेतला तर रात्री झोप लागते, पण नवी यंत्रं त्याला भीक घालत नाहीत.

म्हणून आमच्यात एक रिवाज पडला आहे. जो नाव घेईल, त्याने वागवायचं. शुक्रवारी कॅफेत सगळ्यांसमोर ज्याने गाभ्याचं नाव उच्चारलं, त्याने पाच वर्षं त्याची सगळी दुखणीखुपणी काढायची. साहजिकच नाव घ्यायची वेळ आली की सगळे चहातल्या बदामांकडे बघत बसतात. सी तौफीक मात्र दर वेळी घसा खाकरायचे आणि नाव घ्यायचे. दर वेळी जुनं, सगळ्यांनी वापरून घासलेलं.

'सी' म्हणजे आमच्याकडे 'साहेब', पण आम्ही त्यांची खूप टर उडवायचो. मी सगळ्यात जास्त. "सी तौफीक, तुमचा गाभा आणि दारात गंजत पडलेली तुमची मोपेड एकाच वर्षी जन्मली ना?" असं मी म्हणाले की ते मान हलवत हसायचे. माणूस खजुरासारखा गोड. कधी कोणाला दुखवलं नाही. टेबलावर काही वाचायला दिलं की म्हणायचे, "तूच वाच गं, चष्मा घरी राहिला." काही अडलं की म्हणायचे, "घरी जाऊन उत्तर पाठवतो." आणि घरून जे उत्तर यायचं ते असं, की वाचणाऱ्याच्या नाकाला हरिसाची तिखट चटणी झोंबावी. 'हे कोणी लिहिलं? पुन्हा लिही.' एवढंच. आमचा गाझी एकदा त्या एका ओळीने दोन दिवस जेवला नव्हता. मी त्यांना विचारलंही होतं, "तुमच्या घरच्या संगणकाला मिरच्या लावून ठेवल्यात का हो?" त्यावर ते जरा जास्तच वेळ हसले होते.

या शुक्रवारी नव्या आवृत्तीचं नाव घ्यायचं होतं. सहा-बारा की सहा-अठरा, एवढाच प्रश्न होता. बारा जुना, अठरा नवा. सी तौफीक बाराच म्हणणार हे आम्ही धरून चाललो होतो. आणि सोमवारी संध्याकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

गाझीला फोन केला तर त्याने ते पत्र आधीच पाहिलं होतं. तो ट्युनिसचा, नोकरीसाठी इथे आलेला, आणि एरवी त्याचं तोंड बंद होत नाही. आज नुसता श्वास ऐकू येत होता.

"अरे बोल ना!" मी खेकसले.

"सिहेम, मला वाटलं कुठेतरी अडकलेलं पत्र असेल. म्हणून दुरुस्ती उघडून बघितली."

"मग?"

"ती ज्या भोकावरची आहे ना, ते भोक काल संध्याकाळी जाहीर झालंय. काल संध्याकाळी! तोवर त्यांना पुरून झालं होतं."

अडकलेलं पत्र नाही, काही नाही. कोणीतरी जिवंत माणूस सी तौफीकच्या नावाने सही करत होता.

हे किती भयंकर आहे ते सांगते. आमच्यात प्रत्येकाची एक गुप्त किल्ली असते, आणि तिने सही केलेलं काम थेट यंत्रांत उतरतं. किल्ली मिळते ती समोरासमोर. ओळखपत्र दाखवायचं, किल्लीचा ठसा म्हणजे तिचा लांबलचक आकडा मोठ्याने वाचायचा, मग बाकीचे तिला मान्यता देतात. ती किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं हा आमच्यातला एकमेव गुन्हा, ज्याला माफी नाही. चोर त्या किल्लीने शाळांत, दवाखान्यांत, अगदी गाभ्यात, काय वाटेल ते घुसवू शकतो.

"मी किल्ली बाद करतोय. आत्ताच्या आत्ता," गाझी म्हणाला.

"थांब. आधी मी त्यांच्या घरी जाते. संगणक तिथेच असेल."

"घरात माणूस गेलंय आणि तू संगणक मागणार?"

"मग काय करू? फुलं घेऊन जाऊ? त्यांच्या नावावर कोणीतरी दरोडा घालतंय!" मी फोन आपटला.

आवृत्तीची जबाबदारी माझी. आतल्या गोष्टीत काळंबेरं निघालं तर सगळ्या जगाला सांगायचं कामही माझंच. टॅक्सीत बसले तेव्हा माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. प्रेताला आंघोळ घालायला, कुराण वाचायला, जेवण घेऊन, किती माणसं त्या घरात येऊन गेली असतील. त्यातल्या एखाद्या हलकटाने संगणक उचलला असणार. मी तोंडातल्या तोंडात त्याला इतक्या शिव्या घातल्या की टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

घरात बायका बसल्या होत्या. शेजाऱ्यांनी आणलेला कुसकुस पराती भरभरून ठेवलेला होता. मी सगळ्यांना "बरकत तुमच्यात राहो" असं सांत्वनाचं वाक्य म्हणत आत शिरले. मादाम रौदा, सी तौफीकची बायको, बैठकीत नव्हत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. अख्ख्या गल्लीतल्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्यात आणि अजून त्यांच्यासमोर मोठ्याने बोलायला घाबरतात. त्यांच्या नणंदेने मला खुणेनेच मागची खोली दाखवली.

दार ढकललं. मादाम पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन सी तौफीकच्या संगणकासमोर बसल्या होत्या. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर ओळी सरकत होत्या. त्या गाभा बांधत होत्या.

मी दारातच खिळले.

"दार लाव," त्या मागे न बघता म्हणाल्या. "बाहेरच्यांना वाटतंय मी रडतेय. वाटू दे."

"मादाम... सकाळची दुरुस्ती..."

"मीच पाठवली. भोक मोठं होतं. दवाखाने उघडायच्या आत जायला हवी होती."

"पण सही? सही सी तौफीकच्या किल्लीची आहे!"

"मग काय माझ्या किल्लीची असणार? मला कुठे दिलीये तुम्ही किल्ली?"

मी पलंगावर बसले. "ही... ही एकच दुरुस्ती ना? तुम्हाला त्यांचा परवलीचा शब्द माहीत होता, आणि आज निकड होती म्हणून..."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. डोळे लाल होते, पण आवाज वर्गातला.

"पोरी, त्याला नजर कुठे होती? डोळ्यांच्या मधोमध काळा डाग. तू समोर बसलीस तर तुझे कान दिसायचे, तोंड नाही. किती वर्षं झाली याला! तुम्हाला कोणालाच कसं कळलं नाही?"

चष्मा घरी राहिला. तूच वाच गं. घरी जाऊन उत्तर पाठवतो. सगळं एका क्षणात माझ्या अंगावर कोसळलं. त्यांच्यासमोर बसून मी इतकी वर्षं दात काढत होते आणि त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"सुरुवातीला तो सांगायचा आणि मी टंकायची," मादाम म्हणाल्या. "मग मी शिकले. आकड्यांचंच तर काम. पुढे मी सांगायची आणि तो हं म्हणायचा. शेवटी शेवटी 'हं'सुद्धा नाही, नुसता चहा करून द्यायचा. चहा मात्र चांगला करायचा."

"म्हणजे मागची पक्की आवृत्ती..."

"मी वागवली."

"त्याच्या आधीची?"

"तीही."

"आणि 'हे कोणी लिहिलं, पुन्हा लिही'?"

"ते तर मीच. तो असं कधी बोलला असता का?"

मला हसू येत होतं की रडू, सांगता येणार नाही. पण त्याहून मोठा होता राग, आणि तो मी लपवला नाही. "मादाम, तुम्ही काय केलंत हे कळतंय का तुम्हाला? त्यांनी किल्ली तुमच्या हाती दिली! आमच्याकडे यापेक्षा मोठा गुन्हा नाही. हे मला जाहीर करावं लागेल. त्यांचं नाव लबाड म्हणून लागेल. त्यांची एकेक दुरुस्ती पुन्हा तपासावी लागेल. आणि आवृत्ती येऊन ठेपलीये, गाभ्याला वाली नाही!"

"ओरडू नकोस, बाहेर बायका आहेत." त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "दर वर्षी मी त्याला सांगत होते, जाऊन खरं सांग. तो म्हणायचा, रौदा, आंधळ्याला कोण बसवून घेईल त्या टेबलावर? तेवढं एक टेबल तर उरलंय मला. मग मी गप्प बसायची. तू मला सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे बघत राहिले.

"तू जाहीर कर," त्या म्हणाल्या. "खरं आहे ते सगळं लिही. डोळ्यांचंही लिही. लबाड म्हणू देत. ज्याला तो माहीत आहे तो नाही म्हणणार. पण मला एक सांग, किल्ली बाद केलीस की माझं काय? मी हे असंच सोडून देऊ? त्या खुर्चीत बसून भिंत बघत राहू?"

बोलता बोलता त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. मी त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसले आणि आम्ही दोघी रडलो. बाहेरच्या बायकांना वाटत होतं ते शेवटी खरं झालं.

संध्याकाळी कॅफेत मी सगळं सांगितलं. आमचा चौथा, औषधांच्या दुकानाचा मालक नाजेह, हातातलं फ्रिकासे सँडविच तसंच धरून बसला. गाझीचे डोळे पांढरे झाले.

"म्हणजे मला दोन दिवस उपाशी ठेवलं ते एका म्हातारीने?"

"म्हातारी म्हण जाऊन त्यांच्यासमोर. मला बघायचंय."

"सिहेम, मस्करी नको. नियम म्हणजे नियम. मी सगळ्या दुरुस्त्या तपासणार. पहिल्यापासून."

"तपास. मीच सांगणार होते."

त्याने रजा टाकली आणि खरंच दोन रात्री जागून बसला तपासत. मी जाहीर पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं जड पत्र मी लिहिलं नव्हतं. 'आमचे सहकारी तौफीक यांची किल्ली त्यांच्या पत्नी वापरत होत्या' हे वाक्य मी किती वेळा खोडलं असेल! शेवटी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. काहींनी झोडपलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. एका दूरच्या दवाखान्याच्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, 'आता आमच्या यंत्राला कोण बघणार?'

शुक्रवारी गाझी आला तो भयंकर चिडलेला. "एक चूक नाही! इतकी वर्षं, आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. माणूस आहे की कोण आहे ही बाई?"

नवऱ्याच्या मागे इद्दत पाळायची, म्हणजे चार महिने दहा दिवस मादाम बाहेर पडणार नव्हत्या. म्हणून त्या शुक्रवारी टेबलच त्यांच्या घरी गेलं. बैठकीत आम्ही तिघं ओळीने बसलो. मादामनी आपलं ओळखपत्र माझ्या हाती दिलं. फोटोतल्या बाई तरुण होत्या आणि तशाच रागीट. मग त्यांनी त्यांच्या नव्या किल्लीचा ठसा वाचायला घेतला. एकेक अक्षर, एकेक आकडा, फळ्यावर लिहून घेतात तसा. मध्येच थांबून म्हणाल्या, "गाझी, नीट बघतोयस ना? की नुसतीच मान हलवतोयस?"

"बघतोय, मादाम," गाझी म्हणाला. आवाज शाळेतल्या पोराचा.

तिघांनीही मान्यता दिली. मग सी तौफीकची किल्ली बाद करायची होती. ते मी करते म्हणाले, तर मादामनी माझा हात बाजूला सारला. बटण त्यांनी स्वतः दाबलं. पडद्यावर सी तौफीकच्या नावासमोर 'रद्द' आलं. त्या त्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चला. आता नाव घ्यायचं ना?"

आम्ही सवयीने खाली बघायला लागलो. खरं तर बघायची गरज नव्हती. त्या बाराच म्हणणार. मी वहीत 'सहा-बारा' लिहूनसुद्धा टाकलं होतं.

"सहा-अठरा," मादाम म्हणाल्या.

नाजेहने कप खाली ठेवला. गाझी आ वासून बघत होता. अठराची वकिली गेले दोन महिने तोच करत होता आणि आज हरायची तयारी करून आला होता.

"मादाम, अठरा?" मी म्हणाले. "सी तौफीक तर नेहमी जुना..."

"जुना कधी त्याचा होता? जुना माझा. मी गणिताची बाई, पडताळून झालेलं सोडत नाही. तो तर दर वेळी नवाच म्हणायचा. दर वेळी. म्हणायचा, पोरांना यंदाची यंत्रं मिळालीत, ती चालायला नकोत? आणि दर वेळी मी त्याला गप्प करायची. वागवणार मी, मग नाव माझं, असं म्हणायची. मग तो तुमच्या टेबलावर येऊन मी ठरवलेलं नाव आपलं म्हणून घ्यायचा."

मोपेडची ती थट्टा आठवून माझे कान तापले. आम्ही ज्या भित्रेपणाला हसत होतो तो त्यांचा नव्हताच. ते हसत हसत ऐकून घ्यायचे आणि नव्या गाभ्याची आपली हौस खिशात घालून घरी जायचे.

"मग या वेळी काय झालं?" गाझीने हळूच विचारलं.

मादामनी ओढणी सारखी केली. "सोमवारी दुपारी चहा देताना म्हणाला, रौदा, शाळांचे नवे लॅपटॉप बारावर वायफाय पकडत नाहीत. एकदा तरी माझा गाभा वागव. फक्त एकदा. मी मान वर न करता म्हटलं, शुक्रवारपर्यंत विचार करून सांगते."

आतल्या खोलीत संगणकाचा पंखा फिरत होता.

"मी तपासलाय तो," त्या म्हणाल्या. "दवाखान्यांच्या जुन्या छपाईयंत्रांना त्रास देईल, ते मी निस्तरीन. सिहेम, वहीत बारा लिहिलंयस ते खोड. नाव घेणारा तौफीक लिही. वागवणारी रौदा."

"पण मादाम, रिवाज आहे, जो नाव घेईल त्यानेच..."

"रिवाज मला माहीत आहे. तो म्हणाला होता आणि माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आज शुक्रवार आहे. लिही."

मी बारा खोडलं आणि त्या म्हणाल्या तसं लिहिलं.